प्रमाणपत्र मिळालं, आता काम द्या

पालक-शिक्षक संघाचे सभासद, पहिली ते चौथीच्या वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका बाई यांस,

स.न.वि.वि.

तुमच्या शाळेत यंदा दुसरीत गेलेल्या एका मुलीची मी आजी. सकाळी गेटवर वॉचमनकाकांशी गप्पा मारत उभी असते, तीच. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तेहतीस वर्षं शिकवलं, २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि आता मुलाकडे हडपसरला असते. हे पत्र मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार होते. पण तिथे दोन अंगठे आणि एक हात जोडलेलं चित्र येतं आणि विषय खाली जातो. म्हणून उघडच लिहिते.

फेब्रुवारीत शाळेने पहिलीचा 'सेवा उपक्रम' केला. डायरीत चिठ्ठी आली: तीनशे रुपये, बिस्किटांचे दोन पुडे, गणवेशाला इस्त्री. मुलांना बसने एका बालगृहात नेलं. तिथल्या मुलांनी प्रार्थना म्हटली, आपल्या मुलांनी एक इंग्रजी गाणं म्हटलं, पुडे दिले, फोटो झाले, बस परत फिरली. सगळं मिळून पन्नास मिनिटं. मी ऐकीव सांगत नाही. मदतीला घरचं कुणी हवं होतं म्हणून मी स्वतः त्या बसमध्ये होते. आठवड्याभराने प्रत्येकाला सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं, 'समाजसेवेतील उल्लेखनीय सहभागाबद्दल'.

नातीने ते दोनदा वाचलं ('उल्लेखनीय'ला अडखळली) आणि विचारलं, "आजी, त्या मुलांना पण मिळालं का?"

"त्यांना कशाला?"

"काम तर त्यांनीच केलं. आपल्यासाठी खुर्च्या मांडल्या. मग उचलल्या पण."

आपण मुलांना 'गरजू' आणि 'वंचित' हे शब्द शिकवून तिथे नेलं होतं. ती खुर्च्या मोजून आली.

निघताना मी तिथल्या एका ताईंना पुडे कपाटात ठेवू लागले. आत आधीचेच पुडे होते. त्या म्हणाल्या, "बिस्किटं न् केक संपतच नाहीत हो, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. पण गणिताला कुणी येऊन बसत नाही." पूर्वी लग्नात भिंतीवरची घड्याळं आहेर म्हणून यायची, एकेका घरात सात-आठ. तसंच झालं हे. काय लागतं ते आपण विचारलंच नव्हतं.

फोटोंबद्दल जरा कडक बोलते. तिथल्या मुलांच्या चेहऱ्यांसकट फोटो त्याच संध्याकाळी शाळेच्या फेसबुक पानावर लागले. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी ऑफिसात येऊन सांगितल्यावर फोटो काढून टाकले, त्याबद्दल आभार मानते. पण कायद्याचं सोडा. आपल्या लेकराचा फोटो कुणा परक्याने 'यांना आनंदाचे दोन क्षण दिले' असं लिहून चारचौघांत लावला, तर आपण गप्प बसू का?

घरी विषय निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, एवढ्याशा पोरांना सेवा वगैरे काय कळणार? सवय लागावी म्हणून असतं ते." मी त्याला जर्मनीतल्या लायपझिगचा प्रयोग सांगितला. निवृत्तीच्या आधी एका प्रशिक्षणात ऐकला होता, तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. तिथल्या मॅक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या चोवीस मुलांसमोर छोटी छोटी नाटकं केली. एक माणूस कपडे वाळत घालतोय, त्याचा चिमटा खाली पडतो आणि हात पोचत नाही. किंवा त्याच्या दोन्ही हातांत गठ्ठा आहे आणि कपाटाचं दार उघडता येत नाही. चोवीसपैकी बावीस मुलांनी एकदा तरी मदत केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी देत नव्हतं. हे २००६ साली छापून आलं. दोन वर्षांनी त्यांचा पुढचा प्रयोग आला, वीस महिन्यांच्या मुलांवरचा. मदत केल्यावर काहींना खेळायला वस्तू दिली, काहींचं नुसतं तोंडी कौतुक केलं, काहींना काहीच नाही. मग बक्षीस बंद केलं. ज्यांना वस्तू मिळत होती, ती मुलं बाकीच्यांपेक्षा कमी मदत करू लागली.

आता ते सोनेरी काठ आठवा.

मदतीची हौस मुलं घेऊनच येतात, आपण ती मोडतो. पोळी लाटायला आली की 'लुडबूड करू नको' म्हणतो आणि दहा वर्षांनी 'इकडची काडी तिकडे करत नाही' म्हणून शेजारणीपाशी रडतो.

हे सगळं मी फार शहाणी म्हणून लिहीत नाही. माझ्या पाटीवरही बऱ्याच चुका आहेत. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत शाळा झाडायचे गट मीच पाडायची. मुली झाडायच्या, मुलगे पाणी भरायचे आणि घंटा द्यायचे. चौथीतल्या एका मुलीने एकदा विचारलं, "बाई, घंटा लई जड असती का?" दुसऱ्या दिवशी गट बदलले. त्याहून वाईट म्हणजे, उशिरा येणाऱ्याला मी व्हरांडा झाडायला लावायची. गाडगेबाबांची गोष्ट सांगताना माझा आवाज भरून यायचा. गावात शिरताच हा माणूस आधी झाडू हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा, हे मी रंगवून सांगायची. आणि तास संपला की तोच झाडू एखाद्या पोराच्या हातात शिक्षा म्हणून द्यायची. त्या पोराने त्यातलं काय घेतलं असेल, सांगा.

झाडू कुणाच्या हातात जातो, हा आपल्याकडे कधीच साधा प्रश्न नव्हता. जात त्याला चिकटलेली आहे आणि बाईपणही. म्हणून तो द्यायचा तर वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात पाळीपाळीने द्यायचा, नाहीतर कुणाच्याच नाही. मागे पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले होते, "आम्ही फी भरतो, आमची मुलं बाक पुसायला येत नाहीत." मावशींचं काम मुलांनी करावं असं कुणीच म्हणत नाही. आपण खाल्लेल्या डब्याचे कण आपल्या बाकावरून आपण उचलावेत, एवढंच म्हणणं आहे. त्याला समाजसेवा म्हणायची मला तर लाजच वाटेल.

तिसरी चूक क्षयरोगाच्या तिकिटांची. तुमच्यापैकी चाळिशीपुढच्यांना आठवत असतील. क्षयरोग निवारणाच्या निधीसाठी शाळेत तिकिटांचा गठ्ठा यायचा आणि तो मुलांना विकून खपवायचा. पैसे न आणलेल्यांची नावं मी फळ्यावर लिहायची. एका वर्षी त्यात ज्याचं नाव होतं, त्याचे वडील क्षयानेच अंथरुणाला खिळलेले होते. ते मला जानेवारीत कळलं. तेव्हापासून 'प्रत्येकाने तीनशे रुपये आणावेत' अशी चिठ्ठी वाचली की मला तो फळा दिसतो. सक्तीने घेतलेल्या पैशाला वर्गणी म्हणा, फी म्हणा, दान नका म्हणू.

आमच्या भागात देण्याची एक वेगळी रीत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कष्ट करून शिकायची. त्या मुलांच्या पोटासाठी मुष्टिफंड असायचा, म्हणजे दळण-कांडण करताना घरच्या बाईने मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकायचं. माझी आई सांगायची, त्यांच्या घरी मूठ टाकायचं काम तिच्याकडे होतं, कारण घरात तिची मूठ सगळ्यांत लहान! आजी हिशोबी होती. पण रोज, न चुकता, सहा वर्षांच्या मुलीच्या हाताने ती मूठ पडायची. कुठे जाते ते तिला ठाऊक होतं. पुढे बोर्डिंगमध्ये शिकलेला एक मुलगा त्यांच्याच गावात मास्तर म्हणून आला. त्याला बघून ती म्हणायची म्हणे, 'ह्यात माझी ज्वारी हाय.' मरेपर्यंत हा विनोद ती करत होती.

एकदाच बसने जाऊन देऊन यायचं आणि रोज मूठ टाकायची, यांतला फरक मी नंतरही पाहिला. राज्यात २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. अभियान चांगलंच होतं, कितीतरी गावं त्यात खरंच पालटली. मी होते ते गाव मात्र समिती येणार म्हणून आरशासारखं केलं. पोरं पहाटे उठून रांगोळ्या काढत होती. समिती गेली आणि पंधरवड्यात उकिरडा परत जागेवर आला. पोरांनी दोन्ही पाहिलं. २०१६ मध्ये श्रमदानाने गावात पाणी अडवण्याची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली तेव्हा आमचा कोरेगाव तालुका त्यातल्या तीन तालुक्यांपैकी एक होता, आणि वेळू गावाने पहिला नंबर काढला. मी तोवर घरी बसलेली, तरी जायची श्रमदानाला. माणसांची रांग लावून घमेली पुढे सरकायची. लहानग्यांना रांगेत उभं करत नव्हतो, ऊन आणि दगड दोन्ही वाईट. पण एक सात वर्षांचा पोरगा घमेली मोजायला बसवला होता, दहा झाली की एक खडा बाजूला. शंभरावर त्याचं चुकायचं, मग सगळी रांग त्याच्याशी भांडायची. त्याच्या खड्यांवर मोठी माणसं अवलंबून आहेत हे त्याला कळलं होतं, आणि तो जागचा हलत नव्हता. असं अवलंबून असणं मुलाच्या वाट्याला यावं, एवढंच माझं मागणं आहे. बालगृहात आपल्या मुलांवर कुणाचं काहीही अवलंबून नव्हतं. ती गेली नसती तर उलट खुर्च्या मांडायचा त्रास वाचला असता.

नुसती नावं ठेवायला नकोत म्हणून मार्चमध्ये आमच्या सोसायटीत एक गोष्ट करून पाहिली. सहा ते नऊ वर्षांची सात मुलं आणि एक माठ. गेटपाशी, बदामाच्या झाडाखाली. उन्हात येणारे कुरिअरवाले, डबे पोचवणारे, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, सगळ्यांसाठी. नियम एवढाच, की माठ रोज धुवायचा, भरायचा, पेले विसळायचे. पाळ्या मुलांनीच लावायच्या. मोठ्यांनी माठ उचलायला मदत करायची, आठवण करायची नाही.

पहिले तीन दिवस सातही मुलं माठाभोवती, पाणी कमी आणि चिखल जास्त. पाणी प्यायला आलेल्या माणसाला 'काका, अजून घ्या' म्हणून हैराण केलं. चौथ्या दिवशी एक कुरिअरवाला म्हणाला, पाण्याला साबणाचा वास येतोय. ज्याची पाळी होती त्याने माठ भांड्यांच्या साबणाने घासला होता! माठ साबण पितो आणि महिनाभर परत देतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नवा माठ आणावा लागला. त्याचे पैसे मुलांनी रद्दी विकून उभे केले. रद्दी आमचीच होती, पण ते असो.

सहाव्या दिवशी कुणीच आलं नाही. परीक्षा जवळ आली होती. मी गॅलरीतून बघत होते आणि खाली जायचं नाही असं स्वतःला बजावत होते. अकराच्या सुमाराला कचऱ्याच्या ताई आल्या, पेला माठात घातला, तो तळाला लागल्याचा आवाज आला, पेला पालथा घालून त्या निघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. जिन्यात खेळणाऱ्या दोन मुलांनी ते पाहिलं. बोलली तीही नाहीत. पण संध्याकाळी पाळ्यांचा कागद नव्याने लिहिला गेला आणि त्यात 'परीक्षा असली तरी' असं एक वाक्य आलं. त्यानंतर मेअखेरपर्यंत माठ दोनदाच कोरडा राहिला. मी मध्ये पडून भरला असता, तर ते वाक्य आलं नसतं.

त्या ताईंमुळे आणखी एक गोष्ट झाली. त्या 'स्वच्छ' या संस्थेच्या सभासद आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातूनच २००८ मध्ये ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था सुरू झाली. मुलांनी त्यांना विचारलं, तुम्हाला सगळ्यांत घाण काय वाटतं? मला वाटलं, नासलेलं अन्न म्हणतील. त्या म्हणाल्या, "उघडे डायपर न् पॅड. सुक्या कचऱ्यात हात घातला की हाताला लागतात." असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता बाजूला ठेवता येतो, असं त्यांची संस्था कितीतरी वर्षं सांगते आहे. ते पत्रक आमच्या लिफ्टमध्येही चिकटवलेलं होतं आणि मोठ्यांपैकी कुणी वाचलं नव्हतं. आता नात धाकट्या भावाच्या गुंडाळलेल्या डायपरवर रोज लाल स्केचपेनने ठिपका काढते. ठिपका चुकला तर कुणाच्या हाताला काय लागेल, हे तिला माहीत आहे. त्या बाईंना ती ओळखते, त्यांच्या मुलीचं दहावीचं वर्ष आहे हेही तिला माहीत आहे. 'वंचित' हा शब्द त्यांच्याबद्दल तिच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही.

तेव्हा मागणं सरळ आहे. यंदा पहिली-दुसरीची बालगृहाची सहल नको. नातं जोडायचंच असेल तर एक वर्ग, एक संस्था, वर्षभर, आणि आधी त्यांना विचारून. त्यांना गणिताला माणूस हवा असेल तर आम्ही निवृत्त मास्तर-मास्तरणी आहोत, आठवड्यातून एकदा जाऊ. मुलांची मुलांशी गाठ पडायची तर एकत्र खो-खो खेळू दे, देणं-घेणं राहू दे बाजूला. पालकांच्या सुरक्षिततेच्या काळज्या मला पटतात. सहा वर्षांचं मूल एकटं कुणाच्या घरी पाठवायचं नाही, सोबत ओळखीचं मोठं माणूस हवंच. आणि प्रमाणपत्र बंद. गुण नाहीत, 'स्टार ऑफ द मंथ' नाही. वर्गशिक्षिकांना वरून अहवाल मागितला जातो, मला माहीत आहे, मीही तेहतीस वर्षं अहवालच लिहिले. तो मोठ्यांनी लिहावा, मुलांना त्यात उभं करू नये.

दुसरं लगेचचं आहे. येत्या काही दिवसांत पालख्या हडपसरवरून जातील. इथेच दोन्ही वाटा फुटतात, माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडकडे आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. दरवर्षी त्या दिवशी वाहतुकीमुळे शाळेला सुट्टी असते, गेटला कुलूप. आणि मग एकादशीला त्याच पटांगणात धोतर-टोपी आणि नऊवारी घातलेल्या मुलांची दिंडी, पुठ्ठ्याचा विठोबा, फोटो. भाड्याचा पोशाख साडेतीनशे रुपये. खरे वारकरी दारावरून चालत जातात तेव्हा मात्र आपण घरी टीव्हीवर पालखी बघतो.

यंदा त्या दिवशी गेट उघडं ठेवाल का? नुसती शाळेची स्वच्छतागृहं आणि दोन नळ. रस्त्यावर बायकांची किती अडचण होते ते कुठल्याही वारकरी बाईला विचारा. रस्त्याकडेला चपला शिवून देणारे आणि दाढी करून देणारे कारागीर त्या दिवशी पैसे घेत नाहीत, ते मुलांनी जवळून बघावं. ज्यांना यायचंय त्या मुलांनी घरच्यांसोबत यावं, रस्त्यावर उतरायचं नाही, गेटच्या आत उभं राहून पेले भरायचे. फोटो काढणाऱ्या पालकांना मी पेले विसळायला बसवीन. शाळेची परवानगी मिळाली तर स्वच्छतागृहांकडे मी बघते, आदल्या दिवशी फिनेल आणून ठेवते. मुख्याध्यापिका बाई, हो-नाही काय ते शुक्रवारपर्यंत कळवा, कारण पिंपं भाड्याने सांगावी लागतील.

जाता जाता एक. ते प्रमाणपत्र या पत्रासोबत परत पाठवायचं मनात होतं, पण जमणार नाही. कागद जाड होता म्हणून मार्चमध्ये नातीने त्याच्या कोऱ्या बाजूवर माठाच्या पाळ्या लिहिल्या आणि तो जिन्याखाली मीटरच्या पेटीवर चिकटवला. काढायला गेले तर फाटतो. जूनचा रकाना आखून तयार आहे, त्यात दोन नवी नावं आली आहेत, त्यातलं एक वॉचमनकाकांच्या मुलाचं.

आपली,
दुसरीतल्या एका मुलीची आजी
हडपसर, पुणे